शिफारसपत्राचा कच्चा खर्डा

माननीय विश्वस्त महोदय,
कुमारी हेतल बोरसे हिला मी दोन वर्षं ओळखतो.
बी.एस्सी. दुसरं वर्ष, प्राणिशास्त्र, आमच्याच कॉलेजात, शहाद्याला;
नीटला तिसऱ्यांदा बसते आहे.
(हे फॉर्मच्या पहिल्या पानावर आलंच आहे. खोडावं.)

ती मेहनती आहे, गुणी आहे, नम्र आहे, होतकरू आहे.
असं मी आजवर एकशे सोळा पोरांबद्दल लिहिलं.
त्यातले बाराएक खरंच नम्र होते.

पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत आली,
फॉर्मलीनच्या बरण्यांपाशी घुटमळत म्हणाली,
सर, अर्जाला वजन येईल असं काय करू?
बाप नंदुरबारला मिरची मार्केटात वजनकाट्यावर,
तेव्हा शब्द घरचाच.
मीही एकेक पोतं चढवत गेलो:
एनएसएस घे, पोस्टर स्पर्धेत नाव दे,
आणि दर रविवारी धडगावकडे सिकलसेलची तपासणी असते,
तिथलं सर्टिफिकेट गोल शिक्क्याचं मिळतं.
म्हणजे ती डोंगरात गेली ती शिक्क्यासाठी.
हे लिहू नये. पण खरं आहे.

नळीत थेंबभर रक्त, मागे काळ्या रेघांचा कागद.
रेघा दिसल्या तर सुटका.
गढूळलं, रेघा बुडाल्या, की पुढच्या तपासणीची चिठ्ठी.
अकरा रविवार ती त्या रेघांकडे बघत बसली.
पावरीतली तीन वाक्यं शिकली:
बोट दे. दुखणार नाही. थोडं दुखेल.
मधलं तिने पहिल्याच महिन्यात टाकून दिलं.

बाराव्या रविवारी एकाच पाड्यावर दोन सुमल्या निघाल्या.
दोघी नऊ वर्षांच्या, दोघी पावरा,
आणि एकीची चिठ्ठी दुसरीच्या आईकडे गेली.
रात्री खोलीवर रजिस्टर उतरवताना तिला दिसलं.
सर्टिफिकेट तेव्हा लॅमिनेशनच्या दुकानात होतं.
डॉक्टर म्हणाले, आशाताईला फोन करू.
पाड्यावर रेंज नव्हती.

सोमवारी पहाटेची एसटी, मग जीप, मग नऊ किलोमीटर पायी.
सोमवारी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती.
मी तिला गैरहजर लावलं.
नियमाने. वीसपैकी शून्य.
तीच गुणपत्रिका सोबत जोडली आहे, महोदय,
तिसऱ्या ओळीत ते शून्य माझ्या अक्षरात आहे.

पाड्यावर काय झालं ते हेतल बोलली नाही,
आशाताईंनी सांगितलं, तेही मार्चमध्ये, बँकेच्या रांगेत.
पहिल्या आईला ती म्हणाली, तुमची पोर ठीक आहे, चूक माझी.
ती बाई हसली, मग रडली,
मग एका रात्रीच्या सगळ्या शिव्या देऊन मोकळी झाली.
दुसरी काहीच बोलली नाही. ज्वारी पाखडत राहिली.
हेतल तिच्याजवळ बसली.
शेवटची जीप गेली, तरी बसली.

परवा तिला विचारलं, हे लिहू का?
चूक आहे म्हटल्यावर तुझा अर्ज हलका पडेल.
कॉलेजात शुद्ध मराठी बोलणारी पोर
एकदम घरच्या बोलीवर आली:
लिखी टाका सर. शून्य ते दिसीच ऱ्हायनं.

मी बत्तीस वर्षं पेपर तपासले.
एकदा, फार पूर्वी, दोन पोरांचे गुण अदलाबदल झाले होते.
कळलं तेव्हा निकाल लागून गेला होता,
आणि मी चहा घ्यायला गेलो.
हे या पत्रात बसत नाही.

मर्यादा दोनशे शब्दांची.
मोजले तर दोनशे आठ.
मेहनती, गुणी, नम्र, होतकरू काढले.
अजून चार जास्त.
"मी तिला गैरहजर लावलं" हे बरोबर चार होतात.
त्या ओळीवर पेन बराच वेळ टेकून होतं,
कागदावर शाईचा ठिपका पसरला आहे,
टाईप करताना तो येणार नाही.

शेवटी सहीखालचं
एम.एस्सी., एम.फिल., पीएच.डी., विभागप्रमुख
एवढं काढलं.
नाव राहिलं नुसतं.
आपला विश्वासू.