डेमरेज

छातीवर पाच चकत्या चिकटवल्या,
कमरेला काडेपेटीएवढं यंत्र बांधलं
आणि परळच्या डॉक्टर मेहेरबाईंनी
मला चोवीस तासांसाठी सोडलं.
सोबत एक कोरा कागद :
काय प्यायलात, किती वाजता, लिहा खोपकर.
खोटं लिहू नका, यंत्राला कळतं.

६.१० चहा.
७.४० चहा, दोन बिस्किटं.
१०.०५ बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला. कटिंग.
इस्माईलने न विचारता ठेवली.
११.३० कटिंग. कस्टमचा माणूस आलेला.
नको म्हणालो असतो तर फाईल सोमवारवर गेली असती.
१.५० कटिंग.
४.०० कटिंग.
४.२० कटिंग, कारण चारची आठवली नाही.
९.०० कॉफी.
२.३० कॉफी.

रात्री अडीचला?
सवय, मी म्हटलं.

त्यांनी लांबलचक पट्टी उलगडली.
माझं हृदय शाळेतल्या पोरासारखं ओळ गिरवत चाललेलं,
मध्येच एक अक्षर घाईत, ओळीबाहेर,
मग थोडी रिकामी जागा,
मग पुन्हा शहाण्यासारखं.
मरत नाही तुम्ही एवढ्याने, त्या म्हणाल्या,
पण हात पुढे करा बघू.
बोटं थरथरली. गेल्या महिन्यात बँकेनं
माझीच सही मला परत पाठवली होती.

थकवा डोक्यात एका ठरलेल्या खुर्चीवर येऊन बसतो, म्हणाल्या,
तेव्हा झोप येते.
कॅफिन आधी येऊन ती खुर्ची अडवतं.
थकवा कुठं जात नाही, खोपकर.
दाराबाहेर उभा असतो.

मला कुणी सांगायला नको होतं.
तीस वर्षं हीच नोकरी :
माल उतरलाय, जागा अडलीय,
कंटेनर जागचा हलत नाही,
फक्त दिवसागणिक डेमरेज चढतं.

चारची कटिंग रात्री दहालाही
निम्मी तुमच्या रक्तात जागी असते.
हळूहळू कमी करा.
मी एकदम सोडली. माझा स्वभाव.

दुसऱ्या दुपारी डोळ्यांच्या मागे
कुणीतरी दाभणानं गोणपाट शिवायला बसलं.
तिसऱ्या दिवशी मी शिपायाला ओरडलो,
आकडे दोनदा चुकलो, टेबलावर डोकं टेकलं.
इस्माईल रिकामा ग्लास घेऊन उभा :
साहेब, माझ्यावर रुसलात का?
त्याला कसं सांगू, की चहा नको
म्हणजे तू नको असं नाही.

अडीचचं मात्र डॉक्टरांना सांगितलं नाही.

अडीचला अक्काची कूस बदलायची असायची.
उजवीकडून डावीकडे, पाठीला पावडर,
गुडघ्यांमध्ये उशी. नाहीतर जखमा होतात.
पाच वर्षं.
माटुंग्याहून दळून आणलेली सत्तर-तीस,
पातेलीत उकळी येईतो मी भिंतीला टेकून उभा.
शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं.
चिकोरीचा वास आला की मान हलवायची,
म्हणजे : आलास.

श्रावणात वर्ष झालं तिला जाऊन.
खाट दादरच्या एका संस्थेला दिली.
कॉफी कुणाला देणार?
मी अडीचला उठत राहिलो, पातेली ठेवत राहिलो,
पिऊन झालं की बराच वेळ
कुणाला उलटवायचं ते आठवत नसे.

नवव्या रात्री झोप लागली.
अशी, की उशीवर लाळ.
जाग आली तर खिडकीत लख्ख उजेड,
खाली दूधवाल्याची सायकल,
आणि मी अनवाणी धावत आतल्या खोलीत :
अक्का, चुकली माझी वेळ.

तिथे इस्त्रीचं टेबल होतं.

ठोका चुकला. मोजून एक.
मग ती रिकामी जागा.
मग पुन्हा शहाण्यासारखं.

अंगावर यंत्र नव्हतं,
तरी कागद शोधून मी लिहिलं :
६.४०. काहीही प्यायलो नव्हतो.