टेंडर पुढे

दर पंधरवड्याला एक, तंबाखूच्या टपरीवरून,
मासिकाच्या पुठ्ठ्याला चिकटून इंजिन यायचं.
बेचाळीस जमली.
क्वेतोस्लावने कपाटाला काच बसवली, कुलूप लावलं,
आणि मला ताकीद : फडकं मारायचं ते बाहेरून.
किल्ली घड्याळामागे असते
हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

मार्चमध्ये तो गेला. जूनमध्ये मी काच सरकवली,
त्याचं लाडकं, काळं, लाल चाकांचं उचललं
आणि जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं.
पोटाखाली दोन स्क्रू, आत शिशाचा ठोकळा,
चाकं आणि दांडे एकाच साच्यात ओतलेले,
फिरण्याचं नुसतं सोंग.
चेस्का त्रेबोव्हाच्या शेडमधून बावीस वर्षं
ह्याचंच थोरलं भावंडं चालवलं त्याने,
आणि म्हातारपणी आणून ठेवली
जागची न हलणारी.

मी मोटरी गुंडाळायचे. एकोणीस वर्षं, रात्रपाळी,
केसाएवढी तांब्याची तार, हजार वेढे,
मोजणी चुकली की उलगड पुन्हा.
त्या कुठे गेल्या, कुणाचं काय फिरवलं त्यांनी,
कधी कळलं नाही.

शेजारची श्टेपांका म्हणाली,
बॉयलर अरुंद आहे, मोटर मावायची नाही.
नाही तर नाही. मागे कोळशाचा डबा आहे की.
जुन्या कॅसेट प्लेअरची मोटर मी त्यात बसवली,
कानशीने भिंती आतून खरवडल्या, कागदाएवढ्या उरेपर्यंत.
एका जागी रंग तडकला. तडकू दे.
ओतीव दांडे कापले, पितळेचे नवे केले,
तीनदा वाकडे, चौथ्यांदा बरे.
म्हणजे आता ढकलणार टेंडर,
आणि बघणाऱ्याला वाटणार
इंजिनच ओढतंय.

रूळ अंथरले टेबलावर, मुरंब्याच्या बरणीभोवती.
बटण फिरवलं. नुसती थरथर.
मग तापल्या लाखेचा वास आला,
माझ्या हातांना ओळखीचा,
आणि निघालं.
मागे.
टेंडर पुढे, नाक मागे,
खुरडत खुरडत खिडकीच्या दिशेने.

श्टेपांका हसली. तारांची अदलाबदल झाली,
मिनिटाचं काम आहे, द्या इकडे.
मी तिचा हात धरला.

त्या फाट्याच्या टोकाला
इंजिन फिरवायची चकती नव्हती.
जाताना सरळ, येताना टेंडर पुढे,
मान खिडकीबाहेर काढून, मागे वळून,
कोळशाची सगळी धूळ डोळ्यांत घेत
तो रोज संध्याकाळी घरी यायचा.
जेवताना डोळे लाल. मी मीठ पुढे सरकवायचे.
त्याला कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

राहू दे, म्हटलं, असंच.

बरणीच्या वळणावर ते रुळावरून उतरलं.
मी उचलून पुन्हा ठेवलं,
तोंड त्याच बाजूला.