आलेल्या सेपांचं

शाळेत सफरचंद, दुकानात सेप.
आमच्या गावात ते झाडावरून येत नाही,
दवाखान्यातून येतं.
बसमधून उतरणाऱ्याच्या पिशवीत लाल दिसलं
की बाया विचारतात, कोण भरती हाये वं?

पुरुषोत्तम यवतमाळला सतरा दिवस होता.
कावीळ उतरली, घरी आला,
डोळ्यांत हळद अजून बाकी.
आणि त्याच्यामागून सेप येत राहिले.
ज्यांच्या ज्यांच्या मोटारी त्यानं बांधल्या
त्या सगळ्यांचे.
कवडू उईकेचे चार, त्यातला एक दबलेला.
पोलीस पाटलाचे सहा, गुलाबी कागदात.
शेवंताबाई म्हणाली, बोरं असती तं बोरं आणली असती,
पण आता पोळ्याच्या दिवसात कुठली बोरं?

एक फोड खायचा, भिंतीकडे तोंड करायचा.
आलमारीवर सेप, खाटेखाली सेप,
गाडीच्या हेल्मेटात दोन.
घरभर गोड, जरा आंबूस वास,
जसं कोणी पाहुणं येऊन बसलंय
आणि उठायचं नाव घेत नाही.

आजाऱ्याचं फळ परत देता येत नाही.
फेकवत नाही.
पण करंजी कोणी नाकारत नाही,
हे मला रात्री दोन वाजता सुचलं.

सकाळी सालं काढली. आचलनं सगळे स्टिकर
कपाळावर लावून घेतले, एकावर एक.
किसायला घेतले तर कीस हातातच तांबडा पडायला लागला,
पाणी इतकं सुटलं की वाटलं हे आटतच नाही.
गूळ, सुंठ, वेलदोडा,
भाजलेली खसखस चिमूटभर.
दालचिनी शेजारच्या प्रमिलाकडून,
ती मटणाच्या मसाल्यातून निवडून आणली तिनं,
म्हणून थोडी तिखटाची चव राहिली. राहू दिली.

मैदा, रवा, कडक मोहन.
पाऱ्या कापायला वाटी मोठी पडली.
मग त्याच्या ताकदीच्या पावडरचं झाकण घेतलं.
झाकणाएवढी पारी, बोराएवढं सारण,
एका घासाची करंजी.

तो खाटेवरून पाहत होता.
मी काट्यानं कडा दाबत होते, घाईघाईनं.
म्हणाला, असं नोको करू, सुटन तेलात.
आण इकडं.
ताट मांडीवर घेतलं.
आणि ज्या बोटांनी तो तांब्याची तार
खाचेत बसवतो, एकावर एक, मोजून,
त्या बोटांनी मुरड घालायला लागला.
बोटं थरथरत होती.
पहिल्या पाच-सहा वाकड्या झाल्या.
नंतरच्या मी मोजल्याच नाहीत,
पाहत बसले.

म्हटलं, डाक्टरनं तळलेलं सहा महिने बंद सांगितलंय.
म्हणाला, मुरड घालाले थोडी बंदी हाये?

तेल मंद. लाइट गेली,
कढईचं तोंड तेवढं उजेडात.
एकही फुटली नाही.
त्र्याऐंशी झाल्या.

संध्याकाळी आचल डबा घेऊन घरोघर गेली,
कपाळावर अजून दोन स्टिकर.
पाटलीण म्हणाली, पेरू हाये काय गं?
शेवंताबाई म्हणाली, आंबा, वाळवलेला.
कवडूबुवानं चावली, थांबला,
दुसरी घेतली, म्हणाला,
हा तं माहाच सेप घरी आला बावा.

खालच्या आळीत तीन घरं राहिली,
तेवढ्यात डबा संपला.
त्यांच्यासाठी आता काय करू?
तेच विचारायला आत आले
तर तो सारणाचं पातेलं घेऊन बसलेला.
तळलेलं नाही, म्हणाला, चमच्याशिवाय,
कडेला लागलेलं खरवडत.
बोटाचं टोक चाटून पाहिलं त्यानं,
पुन्हा पाहिलं.
मिठाची चिमूट पाह्यजे होती, म्हणाला.

सतरा दिवस अन् वर नऊ,
तेव्हापासून पहिल्यांदाच
त्याला कशात काहीतरी कमी लागलं.