लागला की दिला

हवालदार ठोंबरे विचारतात,
"धक्का लागला म्हणता, की दिला?
नीट सांगा. कागदावर एकच शब्द बसतो."

मी मार्केट यार्डात तोलाईदार.
बावीस वर्षं पोती काट्यावर घेतोय,
पावशेराचा फरक मला नुसत्या डोळ्यांनी कळतो.
हा शब्द उचलला
तर हातच थरथरायला लागला.

भांडण कशावरून, तर सिलिंडरवरून.
म्हणजे सिलिंडरवरून नाही,
तिच्या भिशीच्या पैशावरून.
म्हणजे तेही नाही.
"तुम्हाला सगळ्याचा हिशेब लागतो," म्हणाली
आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.
मला बाहेर जायचं होतं.
एवढंच, साहेब, मला बाहेर जायचं होतं.

शेजारच्या मगदूम वहिनींनी एकशेबाराला फोन केला.
त्रिशलाच्या पांढऱ्या बाहीवर
चार बोटं उमटलीत, पिवळी.
राजापुरी हळद, यंदाचा माल,
रंग चढा आहे, धुतल्यानं जात नाही.
ठोंबरेंनी मोबाइलवर फोटो घेतलाय.
दोन बोटांनी मोठा करून
मला माझी चार दाखवली.

ती सिव्हिलमध्ये आहे, भावासोबत.
मनगटाचा एक्स-रे व्हायचाय.
हाड शाबूत असेल तर अदखलपात्र,
सही करून घरी.
केसाएवढी चीर निघाली तर कलम बदलतं.
मी मनात णमोकार म्हणतोय,
तिचं हाड धड असू दे, धड असू दे,
आणि मला चांगलं ठाऊक आहे
हे मी तिच्यासाठी मागत नाहीये.

साडेआठला त्यांनी भडंगाचा कागद पुढं सरकवला.
"सूर्य बुडाल्यावर मी खात नाही."
"का हो?"
"अंधारात एखादा जीव पोटात जायचा."
त्यांचा घास तोंडातच थांबला.
बघत राहिले.
मग शेंगदाणे निवडून खाऊ लागले.

आमच्या लग्नात माझी उष्टी हळद
वाटीतून तिच्या घरी गेली.
तिकडं कुणी लावली, आत्यानं की मावशीनं,
मी कधी विचारलं नाही.
हळद लागली, असंच म्हणतात.
लावणारा त्या वाक्यात नसतो.

फोन वाजला. सिव्हिलचा.
एक्स-रेला रांग आहे, अजून तासभर.
पण तिचा जबाब झालाय.
"दाराला हात लागला," म्हणाली.
लागला.
भाऊ शेजारी असताना म्हणाली.

ठोंबरेंनी पेनाचं टोपण काढलं.
"चला, तुमचं तिचं जुळतंय. लिहू?"

इतका वेळ हात टेबलाखाली धरले होते,
ते वर ठेवले.
नखांच्या कडांत यार्ड तसंच होतं.
"माझ्या जबाबात," म्हटलं,
आणि पुढचं बोलायला
घसा खाकरावा लागला.