चार बोटं मोकळं सूत

फाईलचं नाव साधंच : बिल.
उघडली की लॅपटॉपचा पंखा घरघरतो
आणि उजवीकडची सरकपट्टी
तांदळाच्या कणीएवढी होते.
चौदा हजार तीनशे सात ओळी.

सांबरेकर सरांनी लिहायला घेतली तेव्हा
उद्यमबागेतल्या एकाच फाउंड्रीची बिलं होती तिच्यात.
मग दुसरी फाउंड्री, मग निपाणीची तंबाखूची वखार,
मग कर बदलला, जुना काढायचा राहिला,
मग खानापूरची कौलं.
"एवढंच हाय, खाली जोडून टाक की."
प्रत्येक वेळी एवढंच होतं.

पाच हजाराव्या ओळीपाशी कुणीतरी लिहिलंय :
इथं हात लावू नये.
नऊ हजारापाशी, इंग्रजी अक्षरांत कानडी :
मुट्टब्याड.
दोन्हींचा अर्थ एकच.
तीन वर्षं मी दोन्हींचं ऐकलं.

गेल्या मंगळवारी
तंबाखूच्या वजनातली एक चूक सुधारली
आणि तिकडं कौलांच्या पावतीवर
फुटलेले नग विकल्या नगांत मिळाले.
फोनवर कारखान्याचा मुचंडी ओरडला नाही,
नुसता म्हणाला, "बाई, हे कसं झालं?"
मला सांगता आलं नाही.

वडगावात माझ्या खोलीखाली माग आहेत.
वीज गेली की खटखट थांबते
आणि मगच कळतं की ती चालू होती.
मी खाली गेले.
नीलव्वा मेणबत्तीच्या उजेडात रुळावरून साड्या उतरवत होती.
म्हटलं, एक लांबच लांब झालंय,
कुठं कापू कळत नाही.
काय लांब, ते तिनं विचारलं नाही.
"विणतानाच सोडायचं असतंय बघ.
एक साडी झाली की चार बोटं मोकळं,
नुसतं उभं सूत. कात्री तिथनं जाती."
आणि सोडलंच नसेल तर?
"मग आधी उसवायचं."

कापायला हात धजत नाही त्याला कारण आहे.
आमच्या भागात रेघ ही साधी गोष्ट नाही.
आजोळच्या शेताचा उतारा कानडीत,
वाटणीचा कागद मोडीत, भांडण मराठीत;
बांध इकडं, विहीर पलीकडच्या राज्यात,
आणि पाणी मात्र
कुणाला न विचारता खालून येतं.
कुणी ओळी मोजून, हजारावर एक रेघ मारत गेलं
तर कर मोजणारं फंक्शन इकडं राहील,
त्याचा दर तिकडं,
आणि रोज दोघांना एकमेकांकडं अर्ज करावा लागेल.

म्हणून उसवलं. सोळा रात्री.
कोण कुणाला हाक मारतं ते वहीत लिहिलं,
उगाच मारलेल्या हाका तोडल्या.
मेलेला कर सापडला, अकराशे ओळींचा,
कुणी रडलं नाही.
तंबाखूला तिची फाईल दिली, कौलांना त्यांची,
मध्ये चार बोटं ठेवली :
एवढंच मागायचं, एवढंच द्यायचं.

आता एकतीस फायली आहेत.
एक अजून नऊशे ओळींची.
पैसे कुठं वर ढकलायचे, कुठं सोडून द्यायचे,
तो सरांचा हिशोब.
कात्री घेऊन गेले, परत आले.
तिच्या डोक्यावर दोन ओळी लिहिल्या :
इथं हात लाव. आधी उसव.
मुट्टु. मदल बिच्चु.

कानडीतली नीलव्वाला वाचून दाखवली, बरोबर आहे का म्हणून.
ती धोटा भरत होती.
"बरोबर हाय," म्हणाली.
"पण कुणाला सांगालीस?"