प्रतिवादी क्रमांक तीन

मी, शिवशरण कलशेट्टी, वय अडुसष्ट, धंदा काही नाही,
राहणार श्रीशैल अपार्टमेंट, अक्कलकोट रोड, सोलापूर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
इमारतीत अकरा फ्लॅट, एक जिना, एक टाकी
आणि नऊ वर्षांचा एक दावा.

घोषणापत्रात माझा अविभक्त हिस्सा आठ पूर्णांक चार टक्के.
जिन्याचा, गच्चीचा, आटलेल्या बोअरचा,
बहुतेक कंपाउंडमधल्या लिंबाच्या सावलीचाही.
नेमके कुठले आठ टक्के, ते कुणी खडूनं आखून दिलं नाही.

हिशेब मागितला राजेशम गाजुलनं.
सहा वर्षांच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात,
डबा माझ्याकडं.
मी म्हणालो, बघ की बे, उघडाच आहे.
तो म्हणाला, असं नाही. ऑडिट.
मी म्हणालो, आधी गच्चीवरचा तुझा पत्रा काढ.
एवढंच झालं. बाकी सगळं वकिलांनी लिहिलं.

निशाणी पाचवरचा हुकूम माझा पाठ आहे:
परिस्थिती जैसे थे ठेवावी.
मोटारीच्या खोलीला दोन कुलपं लावावीत,
एक वादीचं, एक प्रतिवादीचं.
एकट्यानं कुणी मोटार चालू करू नये.

साहेबांना कुणी सांगितलं नसावं
की आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो
आणि येतो तो रात्री अडीचला.

मग पाचव्या रात्री तो चौथ्या मजल्यावरून,
मी पहिल्यावरून.
त्याचं कुलूप, माझं कुलूप, बटण.
टाकी भरायला पाऊण तास.
सिमेंटच्या पोत्यावर तो, उलट्या बादलीवर मी,
मधे मोटार.
बोलणं नाही. बोललो तर उद्या कोर्टात त्याचा अर्थ निघेल.

सत्तावीस वर्षं मी मागावर काढली.
कान तिथंच राहिले, कारखाना विकला तेव्हा
भंगारात गेले असतील.
टाकी भरली की वरून पाणी पडतं, लोक म्हणतात, मोठा आवाज होतो.
मला नाही येत.
गाजुल रंगारी होता. नखं अजून निळी, कान शाबूत.
आवाज आला की तो एक बोट
माझ्या कोपराला लावायचा.
मी बटण बंद करायचो.
कुलूप. कुलूप.
मग जिन्यात एकामागं एक,
मधे चार पायऱ्या सोडून.

बोट लावायचं हुकुमात नव्हतं.
त्याच्या वकिलानं मला खोटारडा म्हटलं, त्या रात्रीही पाणी होतं.
त्यानं बोट लावलं.
एकदा मे महिन्यात वीज गेली,
अंधारात बसून राहिलो, बनियन पाठीला चिकटलेला.
त्यानं पोतं माझ्याकडं सरकवलं
आणि स्वतः बादलीवर बसला. माझा गुडघा त्याला माहीत होता.
रोजनाम्यात याची नोंद नाही.

फाल्गुनात गाजुल गेला.
पोरगा हैदराबादला, वारस रेकॉर्डवर घ्यायचे आहेत,
कागद फिरतायत.
नळाला हे माहीत नाही.
अडीचला सून दार किलकिलं करून किल्ली देते,
काका, तुम्हीच लावा, म्हणते, झोपेतच.

हुकुमाचा भंग झाला, कबूल करतो.
दोन्ही कुलपं मी एकट्यानं काढली.
बादलीवर बसलो. पोत्यावर नाही.
मोटारीवर हात ठेवून थरथर मोजत राहिलो,
पूर्वी चालू मागावर ठेवायचो तसा.
चप्पल ओली झाली तेव्हा कळलं.
पाणी जिन्यावरून पायरी पायरीनं खाली येत होतं,
तिसऱ्या मजल्यावरच्या हत्तरकीबाई काहीतरी ओरडत होत्या,
तोंड दिसत होतं.

आता माझ्यावर पाणी वाया घालवल्याचा अर्ज आहे.
वकील खूश आहेत. म्हणतात, वादी मयत,
दावा ढिला पडला, डबा सांभाळून ठेवा.
तारीख अठराला आहे.

पाणी सतराला.