विरजण

विक्रोळीच्या पालिका दवाखान्यात
जिन्याला चिकटून जी खोली आहे, तिथे मी बसते.
बाई माझ्यापर्यंत येत नाही.
येते तिची काच,
कोपऱ्यात पेन्सिलीने खरवडलेला आकडा,
आणि चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचं घाईतलं अक्षर :
धुपणी. तीन महिने. खाज.

जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, गुलाबी रंग.
नळाखाली धुवायची, वाळवायची, थेंबभर तेल टाकून बघायची.
निरोगी काचेवर जांभळ्या काड्या दिसतात,
सांडलेल्या जिऱ्यासारख्या,
दह्यातल्या जंतूंच्याच भावकीतल्या.
आंबटपणा राखतात. राखण करतात. पगार नाही.
(नाही, म्हणून तिथे दही लावायचं नसतं.
गेल्या वर्षी दोघींना जिन्यात गाठून सांगावं लागलं.)

पण माझ्याकडे येणाऱ्या काचांवर
बहुतेकदा जिरं नसतं.
खसखस असते.
पेशीच्या कडा दिसेनाशा होईपर्यंत खसखस.

खालच्या रांगेतलं बोलणं जिन्यावरून वर येतं.
मैमुनाचा तुरटीचा खडा,
तिसऱ्या बाळंतपणानंतर, पहिल्यासारखं व्हावं म्हणून.
पहिल्यासारखं म्हणजे कसं, हे तिला नवऱ्याने सांगितलं,
त्याला कोणी, देव जाणे.
दाक्षायणी कांबळी कोमट पाण्यात झाकणभर जंतुनाशक घेते,
तेच, ज्याने ती चार घरांच्या लाद्या पुसते.
देवाला हात लावायचा, तर आतूनही स्वच्छ नको?
आणि बारावीतली एक, नाव सांगत नाही :
गुलाबाच्या वासाचा फेस, मोबाईलवर पाहिलेला.
गोरं होतं म्हणे.
तिथे!
कोणासाठी दिवा लावून ठेवणार आहेस, पोरी.

हसले असते मी.
पण मला धुरी आठवते. माझ्या बाळंतपणात
चिपळूणहून आलेली मावशी, बाजेखाली निखारे,
ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालं.
मांडीला चटका बसला, डाग अजून आहे.
आणि तरी खरं सांगते,
त्या धुरात कोणीतरी पहिल्यांदाच
माझे पाय मांडीवर घेतले होते,
विचारलं होतं, दुखतंय का गं?
या प्रश्नाला काचेवर रंग चढत नाही.

तर मार्चमधल्या एका शनिवारी, सगळे गेल्यावर,
रजिस्टरात एक आकडा जास्त भरला.
४१७. नाव : सुलभा.
(सुलभा कोणी नाही. कोपऱ्यावरच्या शौचालयाच्या पाटीवरून सुचलं.)

हो, मीही. एकोणीस वर्षं.
नव्या लग्नात, अंधारात, तो एकदा म्हणाला होता,
वास येतो.
एवढंच. कूस बदलली.
त्याला आता आठवतही नसेल.
माझ्या मोरीत मात्र बादलीमागे
तेव्हापासून तपकिरी बाटली.
दिवसभर दुसऱ्यांची खसखस मोजून
घरी आले की तिचं झाकण उघडायचं.

डोळा लावला.
खसखस. आणि एका कडेला, मोजल्या,
सात काड्या.
रिपोर्ट लिहिला, नेहमीच्याच शब्दांत :
आतून धुणे बंद. बाहेरून साधं पाणी पुरे.
सोमवारी डॉक्टरांना भेटणे.
सही करताना हात जरा अडला.

घरी दूध कोमट झालं होतं. बोट बुडवून पाहिलं.
चमचाभर विरजण, वर ताटली, ओट्याचा कोपरा.
आई म्हणायची, लावलं की सारखं उघडून बघायचं नाही,
भांडं हलवायचं नाही,
त्याचं त्याला करू द्यायचं.

बाटली फेकली नाही. अर्धी होती, पैसे पडलेत.
लेबलवर पेनाने लिहिलं : फरशी.

तो आंघोळ करून आला, डोकं पुसत म्हणाला,
आज मोरीत औषधाचा वास नाही.
म्हटलं, नाही.